मागे घेताना

शशिधरने स्टिअरिंग डावीकडे वळवलं आणि गाडीमागे जोडलेली कॅरव्हॅन, मुद्दाम केल्यासारखी, उजवीकडे निघाली.

"अगं, तिकडे कुठे!" तो तिला म्हणाला. ब्रेक दाबला, गाडी पुढे घेतली, कॅरव्हॅन सरळ केली आणि पुन्हा मागे यायला लागला. माणसांना भूल देऊन सुखरूप शुद्धीवर आणण्यात त्याची सगळी नोकरी गेली होती. अशा माणसाला चाकांवरची एक पांढरी पेटी मागे नेता येऊ नये, याचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं. चूक कळत होती. स्टिअरिंग ज्या बाजूला वळवावं त्याच्या उलट बाजूला कॅरव्हॅन जाते, एवढंच तर होतं. कॅरव्हॅन ज्यांच्याकडून घेतली त्या उदयरावांनी युक्तीही सांगितली होती. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा आणि कॅरव्हॅनचं बूड जिकडे जायला हवं तिकडे हात न्या. पण घाई झाली की त्याचा हात आपोआप वर सरकत होता.

डर्बीशरमधल्या त्या कुरणात आज दुसरं कुणी उतरलेलं नव्हतं, ही मात्र देवाची कृपा. चार-पाच कॅरव्हॅन मावतील एवढी जागा, एका खांबाला लावलेला पाण्याचा नळ, कडेने दगडी कुंपण, आणि सकाळपासून हलायला तयार नसलेलं धुकं. मेंढ्यांचे आवाज येत होते, मेंढ्या दिसत नव्हत्या. शेताच्या मालकीणबाईंनी कुंपणाजवळची जागा दाखवली, "टेक युअर टाइम, लव्ह," म्हणाल्या आणि घराकडे निघून गेल्या. फाटकाचा आवाज झाला आणि मग तोही धुक्याने गिळला.

डावीकडच्या लांब दांड्याच्या आरशात पिवळा रेनकोट दिसत होता. म्हणजे वीणा, त्याची बायको, तिथे होती. दोन्ही हात वर करून ती त्याला मागे बोलावत होती. खिडकीची काच पूर्ण खाली असल्यामुळे शशिधरची उजवी बाही भिजून गार पडली होती, पण काच त्याने वर केली नाही. तेही उदयरावांनीच सांगितलं होतं.

कॅरव्हॅनची कल्पना वीणाची. गेल्या दिवाळीच्या आधी तिच्या थायरॉइडचं ऑपरेशन झालं होतं. गाठ निघाली, रिपोर्ट चांगला आला, पण आवाजाची नस दुखावली. नॉटिंगहॅममध्ये इतकी वर्षं जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, असलेली वीणा आपल्या खोलीतून पेशंटला हाक मारायची तेव्हा रिसेप्शनवरची मुलगी दचकायची. त्या बाईच्या घशातून आता नुसता वारा निघत होता. शेजारी बसलेल्याला तिची कुजबुज कळायची, टेबलापलीकडच्याला नाही. फोन तर तिने हातात घेणंच सोडलं होतं. पलीकडचा माणूस "हॅलो? हॅलो?" करत राहायचा आणि शेवटी ठेवून द्यायचा. नस कधीकधी वर्षभरात पुन्हा जागी होते, असं सर्जन म्हणाला होता. वर्षानंतर काय, ते तो बोलला नव्हता, आणि दोघेही डॉक्टर असल्यामुळे त्यांनी विचारलंही नव्हतं. आता पुढची दिवाळी तोंडावर आली होती.

"कुणाशी बोलावं लागणार नाही अशी सुट्टी हवीय मला," उन्हाळ्यात एकदा ती त्याच्या कानाशी म्हणाली होती. हॉटेल नको, रिसेप्शन नको, ब्रेकफास्टला 'पार्डन?' म्हणणारी माणसं नकोत. नेमकं त्याच सुमारास, बर्मिंगहॅमचे उदयराव आपली कॅरव्हॅन विकायला काढताहेत, असं महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर आलं. उदयराव म्हणजे रिटायर्ड इंजिनिअर, गणपतीत मखराचे दिवे लावणारे. त्यांची बायको आशा मागच्या हिवाळ्यात अचानक गेली. शशिधरने तिला जेवणाच्या रांगेत लांबून पाहिली असेल, तेवढीच.

कॅरव्हॅन पाच मिनिटांत पसंत पडली. ती ओढायला गाडी कुठली घ्यायची, हा प्रश्न मात्र शशिधरने महिनाभर पुरवून खाल्ला. वॉशिंग मशीन घेतानाही एक्सेल शीट करणारा माणूस तो. भरलेली कॅरव्हॅन गाडीच्या वजनाच्या पंच्याऐंशी टक्क्यांवर जाता कामा नये, नाहीतर मोटरवेवर ती गाडीलाच हलवायला लागते. हुकवर भार किती, चढावर ताकद किती, ओल्या गवतावर चाकं फिरली तर काय. केंब्रिजहून मुलगी तनया फोनवर म्हणाली, "बाबा, इट्स अ कार. तू तिच्याशी लग्न नाही करत आहेस." उदयरावांनी आपली जुनी डिझेल गाडीही देऊ केली होती, पण शीटमध्ये तिला कमी मार्क पडले. शेवटी एक भारदस्त हायब्रिड आली. मागे कॅमेरा, चारी बाजूंना सेन्सर. कॅरव्हॅन जोडली की कॅमेऱ्यात फक्त कॅरव्हॅनचं तोंड दिसतं आणि मागचे सेन्सर आपोआप बंद होतात, हे मात्र शीटमध्ये नव्हतं.

कॅरव्हॅन न्यायला ते बर्मिंगहॅमला गेले तेव्हा उदयरावांनी या नव्या गाडीभोवती एक चक्कर मारली. शशिधरने ती हळूच थोडी मागे घेतली. हळू जाताना ती नुसती बॅटरीवर चालायची.

"आवाजच नाही हो हिला," उदयराव म्हणाले. बॉनेटवर हात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. "आमची डिझेल म्हणजे..." आणि पुढचं त्यांनी सोडून दिलं.

निघताना मात्र ते खिडकीशी वाकले.

"मागे घेताना काच खाली ठेवत जा, डॉक्टर. पाऊस असला तरी."

अनुभवी माणसाचा सल्ला म्हणून शशिधरने तो ऐकला होता.

आता तो पिवळ्या रंगावर नजर ठेवून इंच इंच मागे येत होता. वीणा आरशात दिसते तोवर मागे यायचं, दिसेनाशी झाली की जिथे असू तिथे थांबायचं. तिला ओरडता येत नाही म्हणून हा नियम दोघांनी घरीच ठरवला होता आणि एका रिकाम्या कार पार्कात त्याचा सरावही केला होता. पिवळा रंग जागचा हलत नव्हता. हात काही दिसत नव्हते, पण आरशावर थेंब होते, धुकं होतं, चालायचंच. या खेपेला कॅरव्हॅन शहाण्यासारखी सरळ येत होती. शशिधरला पहिल्यांदाच जमल्यासारखं वाटलं आणि त्याने ब्रेकवरचा पाय थोडा जास्त उचलला.

"अहो, थांबा! थांबा म्हणते ना!"

त्याला कळायच्या आत त्याचा पाय ब्रेकवर होता. मागून, उघड्या खिडकीतून आलेला तो आवाज खणखणीत होता आणि चांगलाच चिडलेला होता. कॅरव्हॅन एक हिसका देऊन उभी राहिली. मेंढ्याही गप्प झाल्या.

तो धावत मागे गेला. नळाच्या खांबाला कुणीतरी पिवळा रंग दिलेला होता. इतका वेळ आरशात दिसत होता तो खांब. वीणा तिथे नव्हती. कॅरव्हॅनचा उजवा कोपरा कुंपणाला लागेल असं वाटून ती मागच्या मागे पलीकडे जायला निघाली होती, आणि कुंपणालगत गवतात लपलेल्या चरात तिचा पाय गेला होता. ती बसल्या जागी अडकली होती. पाठीला दगडी कुंपण आणि समोर कॅरव्हॅनचा मागचा पत्रा. मध्ये तिच्या दुमडलेल्या गुडघ्यांपुरती जागा उरली होती.

त्याने गाडी पुढे घेतली, परत येऊन तिला काखेत हात घालून वर ओढलं, घोटा चाचपला, नाडी पाहिली. दोनदा आकडा चुकला म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून मोजली. मग एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"वीणा! तू ओरडलीस!"

तिने मान हलवली. ओठ हलले.

"अगं, ओरडलीस! मला गाडीत ऐकू आलं! किती क्लिअर! नस जागी झाली, वीणा. वर्ष व्हायच्या आत झाली!" तो हसत होता आणि चष्म्याच्या आत त्याचे डोळे वाहत होते. आयुष्यात इतका आनंद त्याला कधी झाला असेल तर तनया जन्मली तेव्हा.

वीणाने त्याची बाही ओढली. पण तोवर त्याने फोन काढला होता.

"तनू, आईचा आवाज आला! हो, आत्ता! पडली ना ती, आणि जोरात ओरडली."

"व्हॉट? आईचा आवाज आली? बाबा, रिअली? शी शाउटेड?" पलीकडे तनया रडायलाच लागली. "दे ना तिला. प्लीज, एकच वर्ड."

"आत्ता नको, घाबरलीय ती. घसा जरा शांत होऊ दे. उद्या."

वीणा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने बाही सोडली.

कॅरव्हॅन होती तशीच, वाकडी, उभी राहिली. आत शशिधरने वीणाचा पाय उशीवर घेतला, फ्रीजरमधली मटारची पिशवी घोट्यावर ठेवली, चहा केला. आणि सगळा वेळ तो बोलत होता. अचानक भीती वाटली की शरीर काय काय करतं, एक स्वरतंतू दुसऱ्याचं काम कसं उचलतो, रिकव्हरी कशी कधी हळूहळू न येता एकदम येते. एका मुलाखतीला बसल्यासारखा तो बोलत होता. मध्ये दोनदा वीणाने हात वर केला. दोन्ही वेळा त्याने तिचा हात प्रेमाने थोपटून खाली ठेवला.

"स्ट्रेन नको करूस," तो म्हणाला.

चार वाजून गेले तसं धुकं आणखी दाटलं. मागच्या मोठ्या खिडकीतून आता कुंपणही दिसेना, फक्त तो पिवळा खांब तेवढा दिसत होता. शशिधर चहाचा कप बाजूला ठेवून तिच्या अगदी समोर येऊन बसला.

"आता एकदा. हळूच. नुसतं आ कर."

वीणाने तोंड उघडलं. वारा आला. तिने डोळे मिटून पुन्हा जोर लावला. पुन्हा वारा.

"असू दे, असू दे. असं ठरवून नाही येणार. जे ओरडलीस ना तेच म्हण. सेम वर्ड्स. तीच नस, तीच वाट."

वीणा पुढे वाकली. तिच्या ओठांशी कान नेल्याशिवाय त्याला ऐकू आलं नसतं.

"काय ओरडले मी?"

"अगं, तू म्हणालीस," आणि त्याने तो आवाज, तो ठसका जसाच्या तसा काढला, "अहो, थांबा! थांबा म्हणते..."

तो थांबला.

मेडिकल कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून वीणा त्याला शशी म्हणत आली होती. डिसेक्शन हॉलमध्ये शशी, लग्नाच्या मांडवात शशी, सासूसासऱ्यांसमोर शशी. "चारचौघांत तरी अहो म्हण गं," असं त्याच्या आईने किती सांगून पाहिलं आणि अखेर नाद सोडला. वीणाच्या तोंडून तो शब्द त्याने ऐकलेलाच नव्हता. तो ऐकला होता आईच्या तोंडून, सबंध लहानपणभर, आणि त्या हाकेला वडील जसे दारातल्या दारात थबकायचे तसा तो थबकला होता. हाक आपल्या बायकोची नाही, एवढंही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मीपण ऐकलं," वीणा कुजबुजली.

"कुठून आलं?"

तिने हात उचलला आणि आपल्या डोक्याच्या जरा वर, उजव्या बाजूला, हवेत ठेवला. तिथे कुणी उभं असतं तर त्या माणसाच्या खांद्याशी तो हात टेकला असता.

"इथून. अगदी जवळून. मला वाटलं, मालकीण आली. मग वाटलं, ती मराठी कशी बोलेल?"

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"दुपारपासून सांगतेय, शशी."

शशिधरला भीती वाटली. पण त्याहून मोठं असं काहीतरी त्याच्या आत कोसळलं होतं, आणि ते भीतीचं नव्हतं. वर्षभर तो त्या आवाजाची वाट पाहत होता. आज दुपारभर तो त्याला मिळाला होता आणि आता पुन्हा गेला होता. तनयाला काय सांगायचं? त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबले. वीणाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिला स्वतःला रडू येत नव्हतं. आपला आवाज परत येणार नाही, हे तिला बहुतेक त्याच्या आधीच कळलेलं होतं.

थोड्या वेळाने तो उठला आणि मागच्या खिडकीचा पडदा ओढायला लागला.

"राहू दे उघडा," ती म्हणाली.

फोन वाजला तेव्हा दोघेही दचकले. उदयराव होते. पोचल्यावर कळवतो म्हणून शशिधरने कबूल केलं होतं आणि तो साफ विसरला होता. त्याने फोन स्पीकरवर टाकून दोघांच्या मध्ये ठेवला.

"काय डॉक्टर, पोचलात ना? लागली का जागेवर?"

"लागली. म्हणजे, वाकडी लागलीय. वीणा मागे पडली होती. मला दिसलं नाही. वेळेवर थांबलो."

"अरे बापरे! वहिनी ठीक आहेत ना?"

"हो. घोटा थोडा सुजलाय."

"नशीब." मग उदयराव जरा घुटमळले. "दिसलं नाही, तर मग थांबलात कसे?"

शशिधरने वीणाकडे पाहिलं.

"हाक ऐकू आली," तो म्हणाला.

फोन कट झाला की काय म्हणून शशिधरने वाकून पाहिलं.

"काच खाली होती ना?" उदयरावांनी विचारलं.

"होती."

"काय म्हणाली?"

कोण, असं शशिधरने विचारलं नाही. त्याने ते शब्द सांगितले, या वेळी आवाज न काढता, साधे.

"थांबा म्हणते ना," उदयराव स्वतःशीच म्हणाले. "हो. असंच." त्यांनी घसा साफ केला. "काय व्हायचं, डॉक्टर, आमच्या डिझेलचा घरघराट इतका, की ती मागे उभी राहून काय ओरडायची ते मला कधी ऐकू जायचं नाही. मी आपला मागे येतच राहायचो. दोन ठिकाणी कुंपणं पाडली. त्यावरून भांडणं तर किती! म्हणायची, तुम्हाला माझं ऐकायचंच नसतं. मी म्हणायचो, ऐकू येत नाही तर ऐकू काय?"

ते हसल्यासारखे झाले.

"ती गेल्यावर मी एकटाच गेलो होतो कॅरव्हॅन घेऊन. दोनदा. मागे घ्यायला लागलो की आरशात दिसायची. नेहमीच्या जागी, हात कमरेवर. तोंड हलायचं तिचं. काच खाली केली, इंजिन बंद केलं, की मग दिसायचीही नाही. काय म्हणतेय तेवढं काही मला कळलं नाही. म्हणून कॅरव्हॅन विकून टाकली."

कॅरव्हॅनच्या छपरावर पाणी टपटपत होतं. वीणा खिडकीबाहेर बघत होती.

"डॉक्टर, एक विचारू? चिडलेली वाटली का?"

वीणाने मान हलवली, हो.

"हो," तो म्हणाला. "चांगल्याच चिडल्या होत्या."

"मग तीच," उदयराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका हलका झाला की काही मागायचं असलेल्या माणसाचा तो आवाज आहे, हे दोघांना लगेच कळलं. "उद्या मी येऊ का तिकडे? मी काही मध्येमध्ये करणार नाही. वाकडी लागलीय म्हणता, तर तुम्हाला ती परत घ्यावीच लागणार. तुम्ही घ्या मागे. मी नुसता शेजारी बसेन तुमच्या. काच खाली करून."

या या म्हणावं तर त्यात काय काय येणार होतं, त्याचा शशिधरला अंदाज नव्हता, आणि नाही म्हणायला तोंड उघडत नव्हतं. तेवढ्यात वीणाने हात पुढे करून फोन उचलला.

"उदयराव, एक मिनिट, वीणा बोलतेय. पण तुम्हाला ऐकू नाही यायचं, मी सांगतो ती काय..."

वीणाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो थांबला. तिने फोन ओठांपाशी नेला. वर्षभरात पहिल्यांदाच.

"या," ती म्हणाली. नुसता वारा. "मी मागे उभी राहते. त्यांच्या शेजारी."

आता "हॅलो? हॅलो?" येणार म्हणून शशिधर फोन परत घ्यायला पुढे झाला. पण ते आलं नाही. पलीकडे उदयराव कान देऊन ऐकत होते.

"ऐकू आलं, वहिनी," ते म्हणाले. "सगळं ऐकू आलं."